पुसलेलं पिंपळपान

१. पाठ

तान्ह्या बाळाची पाठ भाजली होती, आणि त्याला कुणी विस्तवाजवळ नेलं नव्हतं.

सत्त्याहत्तरचा उन्हाळा. भोकरदनच्या पेठेत बालकिशनचं किराणा दुकान, दुकानामागेच घर. त्या घरात पुष्कळ वर्षांनी पाळणा हलला होता. सकाळी बाळाला न्हाऊ घातलं. दुपारी मान आणि काखा लाल झाल्या. संध्याकाळी आई अंगडं काढायला गेली, तर पाठीची कातडी अंगड्याबरोबर आली.

डॉक्टरांनी मलम लावलं. बाळ वाचेल म्हणाले. मग विचारलं, "साबण कुठला?"

"जैतूनच्या तेलाचा. हसनाबादच्या बेबीनंदाकडचा."

"मग झालं. कास्टिक जास्त पडलं असणार."

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी हसनाबादेत बेबीनंदाच्या दारावर कुणीतरी चिखल मारला. तिच्याकडे साबण करायला येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या.

फौजदार अप्पाराव उषाबाईंच्या ओसरीवर टोपी काढून बसले. उषाबाई सरकारी नर्स. गावोगाव बाळंतिणी बघायच्या. बेबीनंदाचा साबण तान्ह्या पोरांना चालतो, फक्त डोळ्यात जाऊ देऊ नका, लावला की लगेच धुवा, असं त्याच घरोघर सांगत होत्या.

"बाई, शुक्रवारच्या बाजारापर्यंत मी दम धरतो," अप्पाराव म्हणाले. "मंग तिला आणून बसवावंच लागंल. सगळा साबण खड्ड्यात पुरा म्हणून राह्यले लोक."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय फायदा? बाळंतिणीच्या खोलीत मला कोण घेतंय? तुम्ही जाऊ शकता."

उषाबाईंनी पिशवी उचलली. बेबीनंदा चुकली असेल, तर तो साबण दुसऱ्या बाळाच्या अंगाला लागण्याआधी कळायला हवं होतं. आणि चुकली नसेल, तर त्या घरात कुणीतरी तोंड मिटून बसलं होतं.


२. उत्तरं

(प्रश्न सगळ्यांना तेच होते. इथं गाळले आहेत.)

बालकिशन, बाळाचा बाप:

"तेल माझं, मेहनत तिची. जुन्या जालन्यात एका औषधवाल्याकडं जैतूनच्या तेलाचे डबे पडून होते. कानात घालायला कोण किती घेतंय? मी सगळे उचलले. तिला म्हटलं, कर साबण... न्हाई, तेल साफ होतं. माझ्या अंगाला लावून बघितलं मी... कास्टिक जास्त? बिलकुल न्हाई! ती बाई दर वडी जिभेला लावून बघती. झटका बसला की वडी बाजूला. जेवताना घरात सगळ्यांसमोर सांगितलं मी, इतका शुद्ध साबण मुंबईत भेटणार न्हाई म्हणून... माँ? माँ काय म्हणणार? ताटावरून उठली. तिचं जेवण झालं असेल."

संपत, एका कंपनीच्या साबणाचा एजंट:

"बोललो व्हतो, कबूल. भर बाजारात बोललो, हिचा साबण बंद पाडीन. बोलायला काय खर्चा येतो का?... घरात न्हाई, ओट्यापर्यंत गेल्तो. चहा पिलो. आता चहा पिणंबी गुन्हा का?... तिच्या साबणाला फेस येत न्हाई हो, नर्सबाई! मी गावभर तेच सांगतो. फेस न्हाई तो साबण कसला? माझा साबण म्हशीला लावून बघा, म्हैस दिसायची बंद होते."

मालनबाई, बाळाला न्हाऊ घालणारी:

"मला विचारून राह्यले? या पायांवर अर्धं भोकरदन न्हालंय. तुमचा फौजदारबी... मी डाळीच्या पिठानंच घालते. पण बाप हट्टाला पेटला, साबणच लावा. मंग लावला... मातीच्या वाटीत होता. वल्ला. वरून पार बुळबुळीत, खिरीवानी. मी ती खीरच चोपडली... फेस? अगं बाई, काय फेस! आमच्या आडाच्या पाण्यात सोड्याबिगर डाळ शिजत न्हाई, अन् त्या दिशी ढगावानी फेस! लेकरू फेसाला हसत व्हतं. म्हणून जरा येळ तसंच राहू दिलं. तेवढं माझं चुकलं... माझ्या हाताला काय होतंय? जन्माचं तेल मुरलंय त्यात."

बेबीनंदा, साबण करणारी:

"दिवाळीच्या आधी ओतलेली कढई. थंडीभर कामट्यांवर वाळत व्हती. जैतूनचा साबण सावकाश मुरतो, घाई केली की चावतो... वडीवर पिंपळपानाचा ठसा मारते. खोल. वडी झिजून निम्मी झाली तरी पान दिसतं... त्याच कढईतली वडी माझ्या पोरीला लावते. बघा तिला, बोलवू का?... हातात न्हाई दिला. ओट्यावर ठेवला. मी खाली उतरले, मंग त्यांच्या आईनं उचलला. तिथं तसंच असतं... राग? कशाकशाचा राग धरू, नर्सबाई? तुम्ही एवढंच सांगा, बाळ कसं हाय?"


३. ठसा

बाळंतिणीच्या खोलीत अंधार होता, शेगडीतल्या ओव्याचा वास होता. बाळाची आई बसंतीबाई त्याला पोटावर पालथं घेऊन बसली होती. अजून बाळाला पाठीवर निजवता येत नव्हतं.

"साबण उरला असेल ना?" उषाबाईंनी विचारलं.

"सासूजी म्हणाल्या, आडात टाक."

"टाकलास?"

बसंतीबाईनं दाराकडं पाहिलं. मग एका हातानं ट्रंकेचं झाकण उचललं, लुगड्याच्या घड्यांखाली हात घातला आणि चिंधीत बांधलेली पुरचुंडी काढली.

"माझ्या लेकराला कशानं खाल्लं, ते मला बघायचंय," ती म्हणाली.

वडी आता सुकली होती. पिवळट, कडा गोल झालेल्या. उषाबाईंनी ती उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. दोन्ही अंगांनी कोरी.

"कितीदा वापरलीत ही?"

"एकदाच. त्या सकाळी."

"आणि आणली तेव्हा कुणी ठेवून घेतली?"

"सासूजींनीच. बाहेरून आलेली चीज आधी त्यांच्याकडं जाते. भांडं असो, दळण असो. त्यांनी दिल्याशिवाय घरात काही फिरत न्हाई."

एका आंघोळीत पिंपळपान पुसलं जात नाही. मग ही बेबीनंदाची वडीच नव्हे? कुणी बदलली? संपत ओट्यापर्यंत आला होता. ओट्यावरून आतल्या न्हाणीपर्यंत कितीशी वाट होती?

उषाबाईंनी वडी नाकाशी नेली. जैतूनचाच वास, थोडा हिरवा, थोडा कडवट. संपतच्या साबणाला गुलाबाचा वास असायचा, गल्लीच्या टोकापासून कळायचा.

त्यांनी वडीला जिभेचं टोक लावलं.

खिळा टोचावा तसा झटका बसला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे तेल बेबीनंदाचंच, वडी तिचीच, आणि वडी चावत होती. म्हणजे डॉक्टर बरोबर होते, आणि बेबीनंदा—

"काय झालं?" बसंतीबाईनं विचारलं.

उषाबाईंनी वडी पुन्हा चिंधीत बांधली आणि पिशवीत टाकली.


४. पानबाईंची जबानी

पानबाई, बालकिशनच्या आई, मागल्या पडवीत सुपात मूग निवडत होत्या.

साबण कुणी ठेवून घेतला, उषाबाईंनी विचारलं.

पानबाई खडे काढत राहिल्या.

साबण आडात का टाकायला सांगितला, उषाबाईंनी विचारलं.

सुपात एकही खडा उरला नव्हता. तरी पानबाई काढत राहिल्या.

बाळाला पाहायला तुम्ही खोलीत का येत नाही, सूनबाई म्हणते दोन दिवस आला नाहीत, उषाबाईंनी विचारलं.

सूप जरा हललं. चार मूग जमिनीवर पडले.

"बोटांना काय झालं?"

दोन बोटांना तुपात भिजवलेल्या चिंध्या होत्या.

"चुलीचा चटका," पानबाई म्हणाल्या.

पूर्ण जबानी एवढीच.

चटक्याला फोड येतो. इथं फोड नव्हता. चिंधी न बांधलेल्या बोटांचे शेंडे गुळगुळीत झाले होते. रेषा गेलेल्या, कातडी पातळ, सोललेली. सगळ्याच बोटांचे. चुलीत कुणी दोन्ही हातांची सगळी बोटं एकदम घालत नाही.

उषाबाई मागल्या दारानं निघाल्या. तिथं कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे रचले होते. न्हाणीचं पाणी त्यांच्यावरच तापायचं. शेजारी भांडी घासायच्या राखेचं मडकं होतं. राख कोरडीच ठेवतात. पण या मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं, आणि फडकं ओलं होऊन वाळलेलं.


५. सुरी

हसनाबादेत बेबीनंदाच्या दारावरचा चिखल तसाच होता. "धुतला न्हाई," ती म्हणाली. "शुक्रवारी पुन्हा मारतीलच. दोनदा कशाला पाणी वाया घालवू?"

आत कामट्यांच्या मांडण्यांवर वड्या ओळीनं वाळत होत्या. प्रत्येकीवर पिंपळपान. उषाबाईंनी त्यातल्या कितीतरी वड्यांना जीभ लावली. कडू, तेलकट. झटका कुठेच नाही. मग त्यांनी चिंधी सोडली आणि बसंतीबाईची वडी पुढं केली.

"ही माझी न्हाई," बेबीनंदा लगेच म्हणाली. "पान कुठंय?" मग तिनं वास घेतला. नखानं कड खरवडली. चेहरा बदलला. "तेल तर आपलंच हाय."

"जिभेला लावून बघ."

तिनं लावली आणि लगेच थुंकली.

"चावती."

"हो."

"माझीच हाय अन् चावती. मंग मीच..." तिनं ओळीनं वाळणाऱ्या वड्यांकडं पाहिलं, आणि पलीकडं खेळणाऱ्या पोरीकडं. "मीच भाजलं का हो त्याला?"

उषाबाईंनी वडी पुन्हा हातात घेतली. लोक म्हणत होते तेच खरं असतं, तर त्यांना आज रात्रीच अप्पारावांना सांगावं लागलं असतं. त्यांना पानबाईंची बोटं आठवली. ओलं होऊन वाळलेलं फडकं आठवलं. मालनबाईचा तो ढगासारखा फेस आठवला.

"सुरी आहे?"

बेबीनंदानं वड्या कापायची सुरी दिली. उषाबाईंनी वडी मधोमध कापली. आतला गाभा बाहेरच्यापेक्षा गडद होता, मेणासारखा. त्यांनी जिभेचं टोक गाभ्याला लावलं आणि थांबल्या.

मग दुसरा अर्धा तुकडा त्यांनी बेबीनंदापुढं धरला.

बेबीनंदानं गाभ्याला जीभ लावली. पुन्हा लावली. मग घागर घेतली आणि बाहेर जाऊन दारावरचा चिखल धुवायला लागली.


६. ओटा

शुक्रवारी बाजार भरला तेव्हा बालकिशनच्या ओट्यासमोर माणसं उभी राहिली होती. भाजीवाल्यांनी पाटीवर फडकी टाकली आणि तेही आले. ओट्यावर अप्पाराव, बालकिशन, संपत, मालनबाई. दाराच्या चौकटीत पानबाई, त्यांच्यामागं बाळाला घेऊन बसंतीबाई. बेबीनंदा खाली रस्त्यात उभी होती. तिला वर ये असं कुणी म्हटलं नव्हतं.

"ही वडी," उषाबाई म्हणाल्या. "बाहेरून चावते. आतून चावत नाही. फौजदारसाहेब, लावा जीभ."

अप्पारावांनी लावली आणि शिवी अर्धवट गिळली. मग गाभ्याला लावली. "ह्या अंगाला काईच न्हाई."

"कढईत कास्टिक जास्त पडलं असतं तर ते सगळ्या वडीत गेलं असतं. गाभाही चावला असता. म्हणजे बेबीनंदानं दिली तेव्हा वडी चांगली होती. जे झालं ते नंतर झालं, आणि वरून झालं."

सगळ्यांच्या माना संपतकडं वळल्या.

"मी चहा पिलो फक्त!" संपत ओरडला. "बिस्किटसुद्धा न्हाई खाल्लं!"

"संपतराव नव्हेत," उषाबाई म्हणाल्या. "या साबणाला फेस येत नाही, हे सांगत ते गावभर फिरतात. त्यांनी काही केलं असतं तर फेस येऊ दिला नसता. आणि त्या दिवशी फेस आला. मालनबाई, कसा होता?"

"ढगावानी," मालनबाई म्हणाली.

"आपल्या आडाचं पाणी जड. डाळीत सोडा टाकला की डाळ शिजते, कारण पाणी हलकं होतं. साबणाचंही तसंच. जैतूनच्या साबणाला या पाण्यात फेस येतच नाही. त्या दिवशी आला, म्हणजे वडीवर सोड्यासारखंच काहीतरी होतं."

"सोडा?" अप्पारावांनी बालकिशनकडं पाहिलं. "शेठ, दुकानात पोतं हाय तुमच्या."

"माझ्या पोरावर मी सोडा टाकीन?" बालकिशनचा आवाज चिरकला.

"सोडा नाही," उषाबाई म्हणाल्या. "पिंपळपान बघा. ते नुसतं भिजून जात नाही. घासावं लागतं, जोर लावून, दोन्ही अंगांनी. भांडं घासतात तसं. भांडं आपण कशानं घासतो?"

सगळ्यांना माहीत होतं.

"वडी राखेनं घासली. मग राखेच्या पाण्याच्या निवळीत बुडवून ठेवली, बुळबुळीत होईपर्यंत. पऱ्हाटीची राख, फडक्यातून गाळलेली. ती निवळी कपड्याचा मळ खाते तशी कातडीही खाते. मालनबाईंच्या हाताला तेल होतं, त्या वाचल्या. बाळाच्या अंगावर फेस राहिला. पण बाळाच्या आधी त्या निवळीनं घासणाऱ्याची बोटं खाल्ली."

पानबाईंनी हात पदराखाली घेतले. उशीर झाला होता.

बसंतीबाई बाळाला घेऊन एक पाऊल मागं सरकली.

"माँ?" बालकिशन म्हणाला.


७. जीभ

"आडात टाक म्हटलं व्हतं," पानबाई सुनेला म्हणाल्या. मग ओट्याच्या फरशीकडं पाहत राहिल्या.

"साबण का मांजला, माँ? तो काय पितळेचा तांब्या हाय?"

"तूच म्हणाला ना जेवताना. दर वडी जिभेला लावती म्हणून." पानबाईंचा आवाज बारीक होता, पण बाजार इतका शांत होता की तो खालपर्यंत गेला. "उष्टा साबण. अन् तोबी तिचा. माझ्या नातवाच्या अंगाला लागणार. तू ऐकणार नव्हता. मंग मी पवित्तर करून घेतला. राखेनं समदं पवित्तर होतं. माझ्या सासूनं तसंच केलं, मीबी तसंच केलं. राख लेकराला खाईल असं मला कुणी सांगितलं व्हतं?"

"अन् तिच्या दारावर चिखल मारला, तवा का न्हाई बोललीस?"

पानबाई चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

बालकिशन खाली बसला. बायकोला धीर यावा, आईला खात्री पटावी म्हणून त्यानंच ते सांगितलं होतं. दर वडी जिभेला लावती. इतका शुद्ध.

अप्पारावांनी घसा साफ केला. "शेठ, हे जसं बोललं तसं लिहिलं तर शिवाशिवीचा कायदा हाय."

"साहेब, म्हातारी हाय." बालकिशननं हात जोडले. "चुकून राख लागली, एवढं लिहा. बाईचं नुकसान मी भरून देतो. बराबर भरून देतो."

अप्पारावांनी खाली रस्त्याकडं पाहिलं. आठवडाभर ते तिला अगं-तुगं करत होते. "बेबीनंदाबाई, तुम्ही सांगा. काय लिहू?"

बेबीनंदा ओट्याची पायरी चढली. एक. मग दुसरी. तिला कुणी थांबवलं नाही.

"चुकून लिहिलं तर उद्या लोक म्हणतील, चुकून का होईना, साबणातच काहीतरी व्हतं," ती म्हणाली. "माझ्याकडच्या बाया परत येणार न्हाईत. मला पैसा नको, आजीला कोर्टातबी न्यायचं न्हाई. माझ्या साबणात काही न्हाई, हे आजीनं सांगायचं. बस."

"सांगते," पानबाई म्हणाल्या. "न्हाई काही तुझ्या साबणात."

"असं न्हाई. बघून सांगायचं. मी बघते तसं."

तिनं ओच्यातून नवी वडी काढली. पान ठसठशीत होतं. सगळ्यांना दिसेल अशी ती धरली, जिभेचं टोक लावलं, क्षणभर थांबली. मग हात पुढं केला. वडी ओट्यावर ठेवली नाही.

पानबाई त्या हाताकडं पाहत राहिल्या. अप्पाराव पाहत राहिले. मागं बाळ कण्हलं. बसंतीबाईनं त्याला थोपटलं नाही, तिची नजरही त्या हातावरच होती.

"सासूजी," ती म्हणाली. "उद्यापासनं माझं लेकरू कशानं न्हाऊ घालू? तुम्हीच सांगा."

पानबाईंनी पदरातून हात काढला. चिंधीची बोटं बेबीनंदाच्या तळव्याला लागली. त्यांनी वडी उचलली, तोंडाजवळ नेली, थांबल्या. डोळे मिटले. आणि पिंपळपानाला, जिथं ओल अजून चमकत होती तिथंच, जीभ लावली.

"झटका लागला?" बेबीनंदानं विचारलं.

"न्हाई," पानबाई पुटपुटल्या. "काहीच लागत न्हाई."

"मोठ्यानं, आजी," बेबीनंदा म्हणाली. "बाजार पार वेशीपर्यंत भरलाय."